स्वस्त पदवीचा जमाखर्च

बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी होणे ही गोष्ट आमच्याकडे अद्याप थोडी थट्टेचीच समजली जाते. केसांत पांढरे दिसू लागलेला गृहस्थ पहाटे दिवा लावून वहीत टिपणे काढीत बसला, की शेजारीपाजारी ‘यंदा कितवी?’ म्हणून विचारतात. गेले वर्षभर हा प्रश्न मी हसत ऐकून घेत आलो आहे. नोकरी न सोडता, घर न सोडता, गाव न सोडता व्यवस्थापनशास्त्राची पदवी, जिला सर्वत्र एम. बी. ए. म्हणतात, ती ऑनलाइन पद्धतीने घेण्याचा उद्योग मी जानेवारी २०२५ मध्ये आरंभिला. या उद्योगात मजला जे लाभले व जे मी नकळत गमाविले, ते यथातथ्य लिहून ठेवावे असे वाटते. माझ्यासारख्या नोकरपेशाच्या गृहस्थांस, आणि विशेषतः त्यांच्या घरच्या मंडळींस, त्याचा काही उपयोग होईल.

आमचे गाव महागाव. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पुसद व उमरखेड यांच्या शेजारचा हा तालुका. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर येथला सारा व्यवहार चालतो. नागपूरहून तुळजापुरास जाणारा महामार्ग गावाजवळून गेल्यामुळे एस. टी. ची सोय बरी. परंतु उच्च शिक्षण म्हटले की मुलाने पेटी उचलून यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर गाठावे, हाच परिपाठ. घरात आई, थोरले बंधू, वहिनी, त्यांचा मुलगा, मी, सौ. आणि आमची कन्या, अशी सात माणसे एका चुलीवर जेवतो. दादा वावर पाहतात. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे.

अठरा वर्षे हिशेबनिसी केल्यावर शाखेचा व्यवस्थापक होण्याची पाळी आपली, असे मी गृहीत धरून चाललो होतो. परंतु ती जागा भरावयाची वेळ आली तेव्हा बाहेरून सव्वीस वर्षांचा एक तरुण आला. तो हुशार होता, विनयशील होता, आणि त्याच्यापाशी पदवी होती. आरंभी मजला राग आला. पुढे त्याच्याबरोबर काम करताना ध्यानी आले की, गेल्या महिन्यात काय झाले हे मी बिनचूक सांगू शकतो. पुढील सहा महिन्यांत काय होईल हे तो विचारतो. हा फरक केवळ कागदाच्या तुकड्याचा नव्हता. तेव्हा राग सोडून शिकावे असे मी ठरविले.

शिक्षण विद्यार्थ्याच्या दारी यावे ही कल्पना काही आजची नव्हे. लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बाहेर राहून अभ्यास करणाऱ्यांस पदवीपरीक्षा खुली केली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि खेडोपाडीच्या शिक्षक-कारकुनांस पदवीचा मार्ग मोकळा झाला. व्यवस्थापनशास्त्र मात्र पुष्कळ काळ मोठ्या शहरांपुरतेच राहिले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने त्यासाठी १९०८ साली स्वतंत्र शाळा काढली. आपल्याकडे कलकत्ता व अहमदाबाद येथील संस्था १९६१ सालच्या. आमच्या विदर्भात, नागपुरास, अशी राष्ट्रीय संस्था येण्यास २०१५ साल उजाडले. पण तेथे दोन वर्षे जाऊन राहावयाचे तर शुल्क कोठून आणावे आणि मागे घर कोणी चालवावे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दूरशिक्षणाचे व ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित नियम केले, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठांतून अशी घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी असे २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा माझ्यासारख्याची अडचण निम्मी दूर झाली.

उरलेली निम्मी माझ्या उतावीळपणाने जवळजवळ दुप्पट झाली होती, तेही सांगितले पाहिजे. एका शहरात मजला एक मध्यस्थ भेटला. सहा महिन्यांत एम. बी. ए., परीक्षेची दगदग नाही, दहा हजार आधी आणि उरलेले प्रमाणपत्र हाती पडल्यावर, असा त्याचा सौदा. मी पैसे काढण्याच्या बेतात होतो. पुतण्याने ते ऐकून एवढेच विचारले, “काका, दोन वर्षांची पदवी सहा महिन्यांत देणारा माणूस उरलेले दीड वर्ष कोठे ठेवतो?” दुसऱ्यांच्या पैशांची अठरा वर्षे राखण करणारा मी, मजला हा प्रश्न सुचू नये याची लाज वाटली. मग आम्ही दोघांनी बसून नियम वाचले. ही पदवी दोन वर्षांपूर्वी कोणासच मिळत नाही. कोणत्या विद्यापीठास कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालविण्याची मान्यता आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांस पाहता येते. आपले नाव दुसऱ्या कोणास विकून त्याच्याकरवी अभ्यासक्रम चालविणे विद्यापीठास मना आहे. शिवाय २०२४ पासून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः आयोगाकडे नोंद करून आपला क्रमांक घ्यावा लागतो. ही तपासणी तासाभराची आहे. तेवढा तास न दिल्यामुळे आयुष्यभराची मिळकत घालवून बसलेली माणसे मी आमच्याच पतसंस्थेच्या खिडकीसमोर पाहिली आहेत.

अखेर एका सरकारी विद्यापीठाची निवड केली. शुल्क वर्षाला बत्तीस हजार. रात्री जेवणानंतर घरात विषय काढला. पुतण्याच्या वसतिगृहाचा खर्च समोर उभा होता. कन्या पुढल्या जूनमध्ये दहावीत जाणार होती. दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तू शीक. बत्तीस हजारांनी घर बुडत नाही.” वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पेढे मात्र आताच आणा. दोन वर्षे कोण वाट पाहणार?” सौ. काही बोलली नाही. तिच्या मौनाचा अर्थ संमती असा मी घेतला. तो सोयीचा होता.

अभ्यास सुरू झाला. पहाटे पाच ते साडेसहा, सोमवार ते शनिवार, आणि रविवारी सकाळी सलग चार तास. मोबाइलला गावात कधी रेंज असते, कधी नसते. म्हणून रात्रीच व्याख्याने उतरवून ठेवावयाची आणि पहाटे ऐकावयाची. इंग्रजी पुस्तके वाचताना पहिले दोन महिने दर पानास कोश उघडावा लागला. सर्वांत मोठी उणीव भासली ती सहाध्यायांची. शंका आली तर विचारावयास शेजारचा बाक नाही. ती लिहून पाठवावी, आणि उत्तर येईपर्यंत आपलीच आपण फोड करून पाहावी. तथापि एक लाभ असा झाला की, शिकलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी कचेरीत ताडून पाहता येई.

घरातही ती ताडता आली. हिशेबाच्या पाठात नफा व रोकड यांतील भेद समजावून दिला होता. व्यवहार फायद्याचा असूनही ऐन वेळी हाती पैसा नसेल तर माणूस अडतो. मी आमच्या घराचा बारा महिन्यांचा रोख जमाखर्च मांडला. तेव्हा दिसले की, जूनमध्ये बियाणे व खते आणि जुलैत पुतण्याच्या वसतिगृहाचे पैसे, असे दोन्ही खर्च एकदम येतात. आणि ते भागविण्यासाठी केलेली उसनवारी फेडण्यासाठी दादांना दिवाळीपूर्वीच, मिळेल त्या भावाने, पहिल्या वेचणीचा कापूस विकावा लागतो. दादा वर्षानुवर्षे याला दैव म्हणत आले होते. आम्ही एक ठेव जूनअखेरीस पाकेल अशी बेतून ठेविली आणि २०२५ साली प्रथमच आमचा कापूस आमच्या सवडीने विकला. भाव फार चढला होता असे नव्हे. परंतु दादांच्या कपाळावरची आठी त्या दिवाळीस दिसली नाही. माझ्या पदवीचे चीज झाले असे मला वाटले. त्याच पाठाने पुढे माझेच पितळ उघडे पाडले.

जूनमध्ये परीक्षा झाली. केंद्र नागपुरास, विषय सात. मृगाचा पाऊस पडून पेरणीची घाई चाललेली असताना दादांना एकटे टाकून मी मावशीकडे जाऊन राहिलो. ऑगस्टमध्ये निकाल लागला. सहा विषयांत उत्तीर्ण, संख्याशास्त्रात अनुत्तीर्ण. आकड्यांवर पोट भरणारा मनुष्य आकड्यांत नापास झाला, ही बातमी मी दोन दिवस घरात सांगितली नाही.

त्याच आठवड्यात खिडकीशी एक ओळखीचे कास्तकार आले. काम आटोपल्यावर म्हणाले, “बाईंनी शिकवणी का बंद केली जी? आमचा पोरगा गणितात मागं पडला ना.” मी चमकलो. सौ. विज्ञानाची पदवीधर आहे. आमच्या पडवीत सकाळी साडेसहा ते साडेसात ती पाच मुलांना शिकवीत असे. प्रत्येकी पाचशे रुपये मिळत. सकाळी मुलांचा गलबला ऐकू येत नाही हे माझ्या ध्यानात आले होते. परंतु मी कानांत यंत्र घालून व्याख्यान ऐकत असल्यामुळे तसे वाटत असेल अशी मी समजूत करून घेतली होती. आणखी एकदा विचारले तेव्हा ती, “मुले येईनाशी झाली,” एवढे म्हणाली होती. मुले फेब्रुवारीपासून येईनाशी झाली होती. माझा अभ्यास जानेवारीत सुरू झाला होता.

त्या रात्री मी वही घेतली आणि पैशांऐवजी तासांचा जमाखर्च मांडला. पहाटेचे सहा दिवस दीड तास म्हणजे नऊ, आणि रविवारचे चार, असे आठवड्याचे तेरा तास माझ्या अभ्यासास जमा होते. आता ते कोणाच्या नावे पडले? पहाटेच्या नऊंपैकी साडेचार माझ्या झोपेचे. ते माझे मी दिले. उरलेले साडेचार तास, म्हणजे रोजची पाऊण घटका नव्हे, चांगली पाऊण तासभराची कामे, पूर्वी माझी होती. मोटर लावून पाणी भरणे, दूध आणणे, आईला औषध देऊन अंगणात फिरविणे. ती कामे थांबली नव्हती; ती सौ. करीत होती, आणि नेमकी शिकवणीच्या तयारीच्या वेळी. रविवारचे दोन तास मी दादांबरोबर मजुरांचा हिशेब करीत असे. ते दादांच्या नावे. दोन तास कन्येला गणित शिकवीत असे. ते तिच्या नावे. बेरीज बिनचूक तेरा. त्यांतले साडेआठ तास मी कोणास न विचारता उचलले होते.

मग पैशांचा हिशेब आपोआप सुटला. पाच मुलांचे दरमहा अडीच हजार, वर्षाचे तीस हजार. बत्तीस हजारांत मिळणारी म्हणून ज्या पदवीची मी चार ठिकाणी वाखाणणी केली, तिची किंमत घरास वर्षाला बासष्ट हजार पडत होती. आणि वरचे तीस हजार अशा एका माणसाने भरले होते, की ज्याच्या मौनाला मी संमती म्हटले होते.

नापास झाल्याचे व वहीचे असे दोन्ही मी तिला एकदमच सांगितले, आणि हा अभ्यास सोडून देतो असेही म्हणालो. त्यात पश्चात्ताप किती आणि संख्याशास्त्राची भीती किती, हे माझे मलाच नीट कळत नव्हते. तिला ते कळले असावे. ती म्हणाली, “सोडायचे होते तर फेब्रुवारीत सोडायचे होते. आता माझी मुले गेली, ती गेलीच. वर तुम्हीही सोडलेत, तर दोन्हीकडून नुकसान. पण अहो, तेव्हा मला एकदा विचारले असते, तर मी काही नाही म्हटले नसते. वेळ कशी बसवायची, ते आपण दोघांनी मिळून पाहिले असते.”

आई पलीकडे माळ ओढीत बसली होती. ती म्हणाली, “तुझे वडील बाहेरून परीक्षेला बसून बी. ए. झाले, चौऱ्याहत्तर साली. परीक्षेच्या आठवड्यात दादाला गोवर निघाला होता. मी त्यांना कळू दिले नाही. ते पास झाल्यावर शाळेत त्यांचा सत्कार झाला.” एवढे बोलून तिने माळ पुन्हा सुरू केली. वडिलांच्या त्या पदवीची चौकट आमच्या बैठकीत अजून आहे. त्या चौकटीखालून मी हजारदा गेलो असेन. पण त्या आठवड्यात तापलेले मूल मांडीवर घेऊन कोण बसले होते, हे मी आजवर कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वही सर्वांसमोर ठेविली. नियम पुन्हा वाचता असे दिसले की, पदवी दोन वर्षांपूर्वी मिळत नसली तरी ती पुरी करण्यास चार वर्षांपर्यंत मुदत आहे. दोन वर्षांतच आटोपण्याची घाई विद्यापीठाची नव्हती, माझी होती. आम्ही तीन वर्षे ठरविली. परीक्षेस एका वेळी चारांहून अधिक विषय घ्यावयाचे नाहीत. पाणी, दूध व आईचे औषध ही माझी कामे मजकडे परत आली. अभ्यास पहाटे एक तास आणि रात्री सवड मिळेल तसा. रविवारी मजुरांच्या हिशेबास पुन्हा बसू लागलो. कन्येचे दोन तास तिला परत मिळाले, आणि त्यात एक गंमत झाली. दहावीच्या बीजगणितात सांख्यिकीचे प्रकरण आहे. मध्य, मध्यक, बहुलक. माझ्या पुस्तकाचा पायाही तोच. मजला सूत्र पाठ होते, अर्थ उमगला नव्हता. कन्या म्हणाली, “बाबा, एका गावात एकच सावकार फार श्रीमंत असला तर मध्य फसवतो, मध्यक फसवत नाही.” आमच्या ठेवीदारांच्या यादीकडे मी त्या दिवसापासून निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. डिसेंबर २०२५ मध्ये चार विषय दिले. त्यांत संख्याशास्त्र सुटले.

शिकवणी दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाली. पण मुले तीनच आली. दोघांनी दुसरीकडे सोय करून घेतली होती, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. गेलेले सर्वच परत येत नाही, हे माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेले आहे.

या पदवीने मी व्यवस्थापक होईन की नाही, हे सांगता येत नाही. तालुक्याच्या गावी जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. तरीही हा अभ्यास करू नये असे मी कोणास म्हणणार नाही. घरी राहून, नोकरी राखून, परवडेल अशा खर्चात विद्या मिळण्याची ही संधी आमच्या वडिलांच्या पिढीस एवढी सुलभ नव्हती. माझी विनंती एवढीच की, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाची मान्यता जशी तपासावी, तसेच घरच्या मंडळींस एकत्र बसवून आपले तास कोण देणार हेही मोकळेपणी विचारावे आणि लिहून ठेवावे. एकत्र कुटुंबात पैशाचा हिशेब आपण ठेवतो. तासांचा ठेवीत नाही, कारण ते देणारी माणसे मागणी करीत नाहीत. आणि ती बहुधा स्वयंपाकघरात असतात.

ही ओळ लिहीत असताना सकाळचे सात वाजले आहेत. दूध आणून झाले, आईचे औषध झाले. पडवीत तिघेजण अपूर्णांकांची बेरीज करीत आहेत आणि सौ. चा आवाज येथवर येतो आहे. गेल्या मंगळवारी चौथा मुलगा विचारून गेला.